दोन टाक्यांमधला बांध

१२ जानेवारी

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टर म्हणतात, जिने बंद. ज्या माणसाचा सगळा जन्म लोकांच्या गच्च्यांवर वॉटरप्रूफिंग करण्यात गेला, त्याचा जिना बंद केल्यावर त्यानं करायचं काय? धंदा पुतण्याच्या गळ्यात घातला. तो फोनवर "हो काका, हो काका" म्हणतो आणि काम स्वतःच्या मनाने करतो.

ही सकाळी कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर जाते, चिरंजीव चष्म्याच्या दुकानात. घरात मी, वॉकर आणि हॉलच्या भिंतीवरची ओल. लोकांची गळती थांबवणाऱ्याच्या घरात ओल, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ती ओल बघून येणारा प्रत्येक पाहुणा हसतो.

ही वही हिनेच आणून दिली. म्हणाली, "दिवसभर माझ्यावर चिडण्यापेक्षा हिच्यात चिडा. ही उलटून बोलणार नाही."

१९ जानेवारी

चिरंजीव दुकानातून आले की कॉम्प्युटरपुढे बसतात. आज खुर्ची ओढून मागे जाऊन बसलो. लढाईचा गेम आहे. आधी गाव वसवायचं, लाकूड तोडायचं, दगड काढायचा, मग फौज उभारायची आणि दुसऱ्याचं गाव बुडवायचं. हा गेम कुठल्या कंपनीचा नाही. ठिकठिकाणचे लोक फावल्या वेळात तो बनवतात, फुकट वाटतात, आणि ज्याला वाटेल त्याला त्यात भर घालता येते. हे मला आवडलं. आमच्या धंद्यात फुकट काम करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

खेळात ह्याचं नाव आहे "बगळा". उंच, बारीक, तासन् तास एका जागी, म्हणजे नाव बरोबर आहे. दरवर्षी ह्या मंडळींची स्पर्धा होते आणि हा दोन वर्षं लागोपाठ अंतिम सामन्यात हरलाय. घरात कुणाला बोलला नव्हता. आज सहज बोलून गेला आणि लगेच विषय बदलला.

मी विचारलं, "हे डोंगर, ह्या नद्या कोण करतं?"

"कुणीही करतं. तुम्हीसुद्धा करू शकता."

त्यानं थट्टेत म्हटलं असेल. मी थट्टेत घेतलं नाही.

२७ जानेवारी

नकाशे बनवायचा एडिटर शिकतोय. माउस दाबून धरला की जमीन वर येते, दुसरं बटण धरलं की खाली जाते. माझा पहिला डोंगर कुणी तरी बसून उठलेल्या उशीसारखा झाला. दुसऱ्या प्रयत्नात आख्खं गाव तळ्याच्या तळाशी बांधलं. गावकरी पाण्याखाली उभे राहून हुकमाची वाट बघत होते. चिरंजीव इतके हसले की खुर्चीवरून पडायचे राहिले, आणि मग मीही हसलो. आम्ही दोघं एकाच गोष्टीवर शेवटचं कधी हसलो होतो ते आठवेना.

शिकवताना मात्र हा फार भरभर बोलतो. दोनदा विचारलं तर तिसऱ्यांदा माउस स्वतःच्या हातात घेतो. मी त्याला हातावर चापटी मारली.

९ फेब्रुवारी

नकाशा झाला! नाव ठेवलं "दोन टाक्या". उत्तरेला एक खोलगट प्रदेश, दक्षिणेला एक, मध्ये आडवा बांध, आणि बांधात बरोबर मधोमध एकच दार. ज्याला पलीकडे जायचं त्यानं दारातूनच जायचं, म्हणजे सगळी लढाई दारात. दोन्ही बाजूंना खाणी सारख्या, झाडं सारखी, कुणावर अन्याय नाही. बांधाचे कोपरे मी काटकोनात ठेवले नाहीत. कोपऱ्याला गोलाई द्यायची असते, नाहीतर तडा तिथूनच जातो. गुळगुळीत करायचा एक ब्रश आहे, तो गिलाव्याच्या थापीसारखा चालतो. अर्धा दिवस तेवढंच करत बसलो. हात अजून विसरलेला नाही.

मग चाचणी घेतली. गच्चीचं काम झालं की आम्ही तिच्यात घोटाभर पाणी भरून ठेवतो. पण वर उभं राहून पाण्याकडे बघत बसायचं नसतं. खालच्या मजल्यावर जाऊन छताकडे बघायचं. मी दार तेवढं तात्पुरतं बुजवलं, एडिटरमध्ये दक्षिणेच्या टाकीत पाणी भरलं आणि उत्तरेच्या टाकीत पाहिलं. थेंब नाही. बांध पक्का.

चिरंजीवांना दाखवलं. ते बघत राहिले आणि म्हणाले, "बाबा, पाणी अडलं म्हणजे घोडे अडतील असं नसतं हां. पाण्याचं वेगळं, घोड्याचं वेगळं. ही कोपऱ्यातली गोलाई आहे ना, ती जरा—"

झालं! माझं डोकंच फिरलं. जन्मभर गच्च्या अडवल्या मी. ज्याला चष्म्याचा स्क्रू बसवायला भिंग लागतं तो मला गळती शिकवणार. म्हटलं, "शहाणपण पाजळू नकोस. जमत असेल तर स्वतः एक नकाशा करून दाखव." तो उठून गेला. जाताना दार आपटलं नाही. हल्ली आपटत नाही, हे एक बरं आहे.

१४ फेब्रुवारी

घरात बोलणं बंद आहे. म्हणजे माझं बंद आहे, तो बोलतोय. सकाळी चहा ठेवून गेला, मी पेपरमधून डोकं वर काढलं नाही.

ही म्हणाली, "अहो, पोरानं नकाशाला नाव ठेवलं, तुम्हाला नाही."

मी म्हटलं, "एकच आहे ते."

"हो ना," म्हणाली आणि चपला घालून कामाला गेली. हिचं हे "हो ना" मला कधी कळलेलं नाही.

२० फेब्रुवारी

मीच माघार घेतली. मोठ्यानं घ्यावी. म्हटलं, एकदा खेळून तर बघ. तो दुपारभर खेळला. सुट्टी होती. एकट्यानेच दोन्ही बाजूंनी खेळला. मी दारातून बघत होतो. एकदा तो खुर्चीत पुढे सरकला, थांबला, आणि स्वतःशीच हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भारी झालाय, बाबा. खरंच भारी. आता ह्याला हात लावू नका."

"कुठे काही राहिलं असेल तर सांग."

"काही नाही. आहे तस्साच गेमवाल्यांना पाठवा."

मला काय वाटलं ते लिहून दाखवता येत नाही. बिल्डर लोकांनी दिलेली सर्टिफिकिटं आहेत माझ्याकडे फाइलभर. त्यातलं एकही मी असं मनात घोळवत बसलो नव्हतो. नकाशाच्या माहितीत खाली लिहिलं, "रचना: गच्ची", हे माझं तिथलं नाव, आणि त्याखाली, "चाचणी: बगळा". त्याला दाखवलं तर म्हणाला, "माझं नाव कशाला?" बापावर गेलाय, हावरट नाही.

६ मार्च

नकाशे ज्यांच्या ताब्यात असतात त्या बाईंचं नाव "कासव". गेमच्या नव्या आवृत्तीत कुठले नकाशे घ्यायचे ते त्या ठरवतात. त्यांचा निरोप आला. "दोन टाक्या" त्यांना आवडलाय, आणि खेळाडूंनी मतं देऊन ह्या वर्षीच्या अंतिम सामन्यासाठी तोच निवडलाय. सामना नीट पार पडला की नव्या आवृत्तीत घेऊ, म्हणाल्या. मग जो कुणी हा गेम घेईल त्याच्याकडे माझी टाकी पोचेल. गच्चीवरचं काम कुणाला दिसत नाही, त्यावर फरशी येते. हे दिसेल.

आणि अंतिम सामन्यात कोण पोचलंय? बगळा! समोर "काडतूस" म्हणून कुणी आहे, गेल्या वर्षी त्यानेच ह्याला हरवलं होतं. बाजू निवडायचा मान आमच्या बाळाला मिळाला, त्यानं दक्षिण घेतली. म्हटलं, दक्षिणच का? दोन्ही सारख्याच आहेत की. म्हणाला, "सवय."

सराव चाललाय. खोलीचं दार लावून बसतो. मी गेलो की पटकन दुसरंच काही तरी उघडतो. बारावीच्या परीक्षेच्या आधीही असाच करायचा. धास्ती घेतली असणार.

१६ मार्च

आज अंतिम सामना होता. लिहायला बसलोय. जसं झालं तसं लिहितो.

दुपारी सुरू झाला. तो त्याच्या खोलीत, मी आणि ही हॉलमध्ये हिच्या लॅपटॉपवर बघत होतो. बघणाऱ्यांसाठी शेजारी लिहायची सोय असते, तिथे शेकडो लोक बोलत होते. कुणी लिहिलं, "नकाशा सुरेख आहे." कुणी लिहिलं, "ते दार म्हणजे कमाल आहे." मला राहवेना. मी लिहिलं, "नकाशा माझा आहे. आणि बगळा माझा मुलगा आहे." ही म्हणाली, "कशाला लिहिताय?" तोवर पाठवलंही होतं. लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. सगळ्या आयुष्यात मला इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

काडतूसने आपली सगळी फौज दारावर आणून उभी केली. बरोबरच केलं, दुसरी वाटच नाही. बगळ्यानं दारावर थोडेसे भालेवाले पाठवले. ते पटापट पडत होते. मी म्हणत होतो, अरे हा करतोय काय? फौज कुठे आहे ह्याची?

मग ते घोडे दिसले. पूर्वेच्या कोपऱ्यात, बांधाच्या पायथ्याशी. वाटलं, लपवून ठेवलेत. ते बांध चढायला लागले. माझा बांध. जिथे मी अर्धा दिवस थापी फिरवली होती, त्या गोलाईवरून एकामागून एक असे चढत गेले जसा काही जिनाच बांधून दिला होता मी त्यांना. पलीकडे उतरले ते थेट काडतूसच्या गावाच्या पाठीत. तिथे बायका आणि मेंढ्या. पाच मिनिटांत सामना संपला.

 बघणाऱ्यांपैकी एकानं लिहिलं, "हे आले कुठून?"

"बांधावरून."

"बांधावरून येताच येत नाही."

आणि मग कुणी तरी लिहिलं, "बापाच्या नकाशात मुलाला येतं."

हिने लॅपटॉप मिटला. आतून चिरंजीवांची आरोळी ऐकू आली, जिंकल्याची. बाहेर आला तेव्हा हसत होता. माझं तोंड बघितलं आणि हसू गेलं त्याचं. त्यावरूनच मला कळलं. नाहीतर मी अजूनही म्हणालो असतो की पोराला ऐन वेळी सापडलं असेल.

१७ मार्च

कासवबाईंचा निरोप. सरळ दोनच प्रश्न. बांधावरची चढण तुम्हाला माहीत होती का? बगळ्याला माहीत होती का? चाचणी करणाऱ्यानं दोष सांगायचा असतो, हा त्यांच्यातला पहिला नियम आहे. मला माहीत असेल तर आम्ही दोघं मिळून लबाड, नकाशा कायमचा बाद. मला माहीत नसेल तर एकटा तो लबाड.

एडिटरमध्ये एक बटण आहे, ते मी कधी दाबलंच नव्हतं. दाबलं की जिथे चालता येत नाही ती जमीन लाल दिसते आणि जिथे येतं ती हिरवी. सगळा बांध लाल, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात हिरवा पट्टा. पाणी उंचीला अडतं, घोडा उभ्या चढाला अडतो. तिथे उंची होती, उभा चढ नव्हता. माझी गोलाई. गच्ची असती तर शंभर वर्षं गळली नसती.

१८ मार्च

विचारलं त्याला. ही पण बसली होती. तो खिडकीकडे तोंड करून उभा.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"चाचणी केलीस तेव्हापासून?"

"त्याच्या आधीपासून. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"सांगितलं होतं, बाबा."

धादांत खोटं. सांगितलं असतं तर माझ्या लक्षात नसतं राहिलं? मी सगळं ह्या वहीत लिहितो. असं काही लिहिल्याचं मला आठवत नाही, आणि मागची पानं चाळत बसायची मला सवय नाही.

म्हटलं, "मी सरळ विचारलं होतं, काही राहिलंय का. तू म्हणालास, भारी झालाय, हात लावू नका."

"आणि पुन्हा सांगितलं असतं तर?" तो पहिल्यांदा वळला. "पुन्हा आठवडाभर घरात कुणी बोललं नसतं. वैताग आला होता मला. म्हटलं, ह्यांना पक्का वाटतोय ना, मग असू दे पक्का. पण मग खेळताना दिसायला लागलं की ह्याच्यावर जिंकता येईल. दोन वर्षं हरलोय मी. तुम्ही एकदा तरी विचारलंत का, कसा हरलास म्हणून?"

मला त्याचं जिंकणं लागलं नाही. त्यानं मला तोंडावर पाडलं, तेही एक वेळ गिळलं असतं. लागलं ते "भारी" हे. तो शब्द मी इतके दिवस उराशी धरून बसलो होतो, आणि तो शब्द म्हणजे माझी चूक तशीच राहावी म्हणून तिच्यावर घातलेलं झाकण होतं. परका असता तर त्याची कॉलर धरली असती. इथे आपलेच दात, आपलेच ओठ. केसानं गळा कापला माझा पोरानं, आणि वर चहाही आणून देत होता.

तो खोलीत गेल्यावर ही म्हणाली, "चूक त्याचीच आहे. मी नाही म्हणत नाही."

मी वाट बघितली, पुढे काही म्हणेल म्हणून. ती उठून कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

२१ मार्च

कासवबाईंना उत्तर पाठवलं. तीन दिवस लागले. "मला माहीत होतं" असं लिहिलं की पोराचा निम्मा भार माझ्या डोक्यावर येईल, हे मला कळत होतं. लिहिलं पण होतं एकदा, आणि पुसलं. का म्हणून लिहू? शेवटी पाठवलं, "मला माहीत नव्हतं." हे खरं आहे. खरं लिहून इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

त्याचं जिंकणं रद्द झालं. पुढच्या वर्षी स्पर्धेत बंदी. मला म्हणाल्या, बांध दुरुस्त करा, दुसऱ्या कुणाकडून चाचणी करून पाठवा, मग बघू.

जेवताना त्याला सांगितलं. "बरं," म्हणाला. वाढून घेतलं आणि जेवला. मी ताट तसंच ठेवून उठलो.

२ एप्रिल

बांध दुरुस्त झाला. गोलाई काढली, उभा कडा केला. मनाविरुद्ध केला, डोळ्यांना खुपतो. बटण दाबून बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक. "चाचणी"पुढचं बगळ्याचं नाव पुसलं. तळे राखील तो पाणी चाखील, म्हणतात. असल्या राखणदाराचं नाव कशाला ठेवायचं?

हिला बसवलं चाचणीला. हिने सगळ्या बायकांना टोपल्या घेऊन कडेला पाठवलं आणि तिथेच उभं केलं. विचारलं, हे काय? म्हणाली, "दमल्यात त्या." पण हिच्या हातून एकही जण बांध ओलांडून गेला नाही.

पाठवायचं बटण दाबणार, तेवढ्यात तो मागून पाणी प्यायला जाता जाता थांबला. किती दिवसांनी माझ्या खुर्चीमागे उभा होता. म्हणाला, "अजून एक आहे, बाबा." आणि गेला.

आधी वाटलं, खिजवतोय. मग दिवसभर शोधलं. सगळं लाल. कुठेच हिरवं नाही.

४ एप्रिल

सापडलं नाही. काल पूर्ण दिवस गेला, आजचाही गेला. न शोधता पाठवून देता आलं असतं. पण एकदा कानावर पडलेली गळती मला झोपू देत नाही, हा धंद्याचा दोष आहे.

संध्याकाळी तो दुकानातून आल्यावर त्याच्या दारापाशी गेलो. वॉकरचा आवाज होतो, त्याला कळलंच असणार. दार उघडंच होतं.

"कुठे?" एवढंच विचारलं.

तो आला. खुर्चीवर बसला नाही, उभ्यानेच माउस घेतला. पश्चिमेला बांध जिथे संपतो तिथून नकाशाच्या कडेपर्यंत बांधाएवढंच उंच, हळूहळू चढणारं टेकाड आहे, त्यावर मी दाट जंगल लावलंय. झाडातून कुणाला जाता येत नाही, म्हणून तो भागही लाल. त्यानं दक्षिणेच्या गावातले लाकूडतोडे तिकडे पाठवले. झाड पडलं. दुसरं पडलं. जिथे झाडं होती तिथे हिरवी पट्टी उघडत गेली, पार पलीकडच्या टाकीपर्यंत. उत्तरेच्या गावाकडून तिथे पोचताच येत नाही, आड दगड आहेत. फक्त दक्षिणेला येतं.

"झाडं कायमची नसतात," तो म्हणाला.

तोंडापर्यंत आलं होतं, की हे असलं मलाही कळलं असतं, वेळ मिळाला असता तर. गिळलं. त्याऐवजी विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

त्यानं माउस सोडला. मग म्हणाला, "त्याच दुपारी."

म्हणजे एक वापरली आणि एक हातची राखून ठेवली होती. घोडे अडले असते तर कुऱ्हाडी होत्या. ज्या दुपारी मी दारात उभा राहून त्याचं हसणं बघत होतो, त्याच दुपारी.

मी झाडं उपटली आणि तिथे दगड लावले. तो उभाच होता. मी "चाचणी"पुढची रिकामी जागा उघडली, हिचं नाव घालू की काय असा विचार करत. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता नाहीये कुठे. खरंच."

त्याच शब्दात म्हणाला. खरंच. त्या दिवशीही हाच शब्द होता.

जागा रिकामी ठेवून फाइल बंद केली. रविवारी त्याला सुट्टी आहे. म्हटलं, रविवारी पुन्हा खेळ, दोन्ही बाजूंनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी शेजारी बसणार आहे. तो "बरं" म्हणाला. स्क्रीनकडे बघायचं काम त्याचं. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसणार आहे, वर पाणी भरल्यावर खालच्या मजल्यावर जाऊन छताकडे बघतात तसा.